चमचा, पिशवी आणि वेरूळचा गिलावा

लंडनमधल्या काही संशोधकांनी एकाच आकाराचे सात चमचे घेतले. त्यांतल्या सहांवर सोनं, चांदी, जस्त, तांबं, कथील आणि क्रोम यांचा मुलामा चढवला, सातवा साधा स्टेनलेस स्टीलचा ठेवला. मग 32 जणांना हे चमचे एकेक करून चोखायला दिले आणि चव विचारली. जस्त आणि तांबं कडवट लागलं, तोंडात धातूची चव रेंगाळली. सोनं आणि क्रोम जवळजवळ बेचव निघाले. धातू रासायनिकदृष्ट्या किती सहज झिजतो हे मोजण्याचं जे प्रमाण रसायनशास्त्रात आहे, त्याच्याशी जिभेचा हा निकाल बराचसा जुळतो, असं या मंडळींनी 2011 मधल्या शोधनिबंधात दाखवलं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आतून कथलाची कल्हई लावून घेणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना यात फारसं नवल वाटलं नसतं. फरक एवढाच, की इथे जिभेच्या अनुभवाला आकडे मिळाले.

हा प्रयोग ज्यांनी केला त्यांचा एक वेगळाच उद्योग होता. ते वस्तूंचं नव्हे, पदार्थांचं ग्रंथालय चालवत होते. ‘पदार्थ’ म्हटलं की आपल्याला खायचं काही आठवतं, म्हणून इंग्रजीतला ‘मटेरियल’ हाच शब्द वापरू. मार्क मिओडोनिक हे मटेरियल्सचे शास्त्रज्ञ, झोई लाफलिन आणि मार्टिन कॉनरीन हे कलेच्या बाजूने आलेले. तिघांनी मिळून लंडनच्या किंग्ज कॉलेजात ही मटेरियल्स लायब्ररी उभी केली. पुढे ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये गेली आणि 2013 मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेकिंग’ या नावाने खुली झाली. एका बाजूला फळ्यांवर मांडलेले हजाराहून अधिक नमुने, दुसऱ्या बाजूला करवती, लेथ, शिलाई मशीन असलेली कार्यशाळा. विद्यापीठातला कुणीही, इतिहासाचा विद्यार्थी असो की कचेरीतला कारकून, सभासद होऊ शकतो.

मिओडोनिकना या विषयाची ओढ कशी लागली, ती हकिगत त्यांनी आपल्या ‘स्टफ मॅटर्स’ या पुस्तकात सांगितली आहे. 1985 मध्ये, शाळकरी वयात, लंडनच्या भुयारी रेल्वेत एका लुटारूने त्यांच्या पाठीवर ब्लेडने वार केला. पुढे पोलिस चौकीत त्यांनी ते पातं पाहिलं आणि भीतीपेक्षा कुतूहलच वरचढ ठरलं: एवढासा पोलादाचा तुकडा कातड्याचं जाकीट चिरत आत गेलाच कसा? शास्त्रज्ञ होण्याची ही वाट फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि ते बरंच आहे.

लाफलिन यांची कल्पना मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. एखादं मटेरियल समजावून सांगायचं तर आपण तक्ते काढतो: घनता इतकी, कडकपणा इतका, उष्णतावहन इतकं. त्यांनी विचारलं, की ही माहिती मटेरियलनेच का सांगू नये? 2010 मध्ये पूर्ण झालेली त्यांची पीएचडी याच प्रश्नावर आहे. त्यांनी आकार एकच ठेवून मटेरियल बदललं. तेच चमचे, तसेच नादकाटे, तेच ठोकळे. आकार सारखा असला की उरलेला सगळा फरक मटेरियलचा. ॲल्युमिनियमच्या घनतेचा आकडा 2.7 आणि टंगस्टनचा 19.3, हे पाठ करून विद्यार्थी परीक्षेत लिहितो आणि विसरतो. सारख्या मापाचे दोन ठोकळे दोन हातांत दिले की टंगस्टनवाला हात झपकन खाली जातो, आणि ते आयुष्यभर लक्षात राहतं.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. अडचण सुरू होते ती या फळ्यांवर ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावायची वेळ येते तेव्हा. आज जगभरातल्या डिझाइन आणि वास्तुकलेच्या विद्यापीठांतून अशी टिकाऊ, शाश्वत, हरित मटेरियल्सची दालनं निघाली आहेत. पण वजन, खरखर, गारवा, नाद हे हाताला कळतं तसं शाश्वतपण हाताला कळत नाही. उलट हात या बाबतीत सहज फसतो.

महाराष्ट्राला याचा धडा घरबसल्या मिळाला. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि भाजीवाल्यापासून साडीच्या दुकानापर्यंत सगळीकडे ‘कापडी’ पिशव्या दिसू लागल्या. मऊ, जरा झिरझिरीत, वर चौकड्यांचे ठसे उमटलेल्या. हाताला अगदी कापड. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेक नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलिनच्या, म्हणजे प्लॅस्टिकचे तंतू विणण्याऐवजी उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले. खरं काय ते कळायला काडेपेटी पुरते. सुती कापडाचं टोक जळतं, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते. ही पिशवी जळण्याआधी आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर टणक मणी मागे राहतो. (प्रयोग मोकळ्या हवेत करावा, चिमट्यात एवढासा तुकडा धरून.)

चहाच्या टपरीवरच्या कागदी कपाचंही तेच. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी चोळला, की कागदाचा लगदा निघून जातो आणि हातात कपाच्या आकाराची प्लॅस्टिकची पातळ पिशवी राहते. हे अस्तर नसतं तर चहा कपात टिकलाच नसता. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की अशा कपात 100 मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं राहिलं तर प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्मकण त्यात उतरतात. बांबूच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत कपबशांत अनेकदा बांबूचा फक्त भुसा असतो आणि तो धरून ठेवणारं मेलामाइन हे प्लॅस्टिक. 2021 मध्ये युरोपीय महासंघाने अशा भांड्यांविरुद्ध मोहीमच उघडली. ‘बांबूचं कापड’ हा तर याहून बेमालूम प्रकार आहे. बांबू तीव्र रसायनांत विरघळवून त्याचा जो धागा काढतात तो व्हिस्कोस. त्यात बांबूचे गुण फारसे उरत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या दिशाभुलीबद्दल 2022 मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन विक्रेत्यांना मिळून 55 लाख डॉलर भरायला लावले.

म्हणून शाश्वत मटेरियल्सचं दालन हे नुसतं छान छान नमुने हाताळायचं ठिकाण राहिलं, तर त्यातून विद्यार्थी चुकीचंच काही शिकून बाहेर पडेल. तपकिरी, खडबडीत, वाळक्या गवताचा वास येणारं ते सगळं चांगलं आणि गुळगुळीत चकचकीत ते वाईट, असा त्याचा ग्रह होईल. चांगली दालनं हे ओळखून आहेत. ती नमुन्याच्या जोडीला त्याची मागची आणि पुढची हकिगत ठेवतात: आला कुठून, काय काय घालून बनला, किती ऊर्जा खाल्ली आणि काम संपल्यावर जाणार कुठे. न्यूयॉर्कच्या पार्सन्स या डिझाइन विद्यालयातली हेल्दी मटेरियल्स लॅब यातल्या दुसऱ्या प्रश्नावर अडून बसलेली आहे. रंगात, चिकटद्रव्यात, फरशीत आरोग्याला घातक काय आहे हे आधी तपासायचं, मग फळीवर जागा द्यायची. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या वास्तुकला विभागाकडे 25,000 हून अधिक नमुने आहेत. संख्येचा मोठेपणा वादातीत आहे, पण मला विचाराल तर पार्सन्सचा कडक दरवाजा अधिक शिकवतो.

चौथ्या प्रश्नाचं, म्हणजे शेवटी जाणार कुठे याचं उत्तर शोधायला मिओडोनिक स्वतःच ग्रंथालयाबाहेर पडले. ‘घरच्या कंपोस्टमध्ये विरघळतं’ असा शिक्का मारलेलं प्लॅस्टिक खरंच विरघळतं का? प्रयोगशाळेत याचं उत्तर ‘हो’ असं मिळतं, कारण तिथे तापमान आणि ओलावा राखलेला असतो. 2019 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या सामान्य लोकांनाच सांगितलं, की तुमच्या परसातल्या खतपेटीत हे घाला, काही महिन्यांनी उकरून पाहा आणि आम्हाला कळवा. सुमारे 9,700 लोक यात सामील झाले. 2022 मध्ये निष्कर्ष छापून आला: घरगुती कंपोस्टसाठी प्रमाणित केलेल्या प्लॅस्टिकपैकी 60 टक्के पूर्णपणे विघटित झालंच नाही. शिवाय लोकांनी पेटीत जे घातलं होतं त्यातल्या बऱ्याच वस्तूंवर घरगुती कंपोस्टचा शिक्काच नव्हता. शिक्क्यांच्या गर्दीत लोक गोंधळून गेले होते.

हा गोंधळ आपल्याकडेही आहे. मक्यापासून किंवा उसापासून होणारं पीएलए हे प्लॅस्टिक ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकलं जातं आणि ते खोटंही नाही. मात्र त्यासाठी साधारण 58 अंश सेल्सिअसचं तापमान आठवडेच्या आठवडे टिकवणारी औद्योगिक खतनिर्मिती लागते. सोसायटीच्या गच्चीवरच्या ड्रममध्ये तेवढं तापमान येत नाही, नाल्यात तर नाहीच. दालनात अशा कपाशेजारी सहा महिने मातीत पुरून काढलेला त्याचाच जोडीदार ठेवला, तर चिठ्ठीवर फार मजकूर लिहावा लागणार नाही.

मागच्या हकिगतीचे, म्हणजे ऊर्जेचे आणि कार्बनचे आकडे मिळवणं आणखी किचकट. केंब्रिजचे मायकेल ॲशबी यांनी मटेरियल्सच्या गुणधर्मांचे प्रचंड नकाशे तयार केले. ब्रिटनच्याच बाथ विद्यापीठात बांधकामाच्या मटेरियल्सची ऊर्जा आणि कार्बन यांची सूची झाली. जगभरचे विद्यार्थी आज ही साधनं वापरतात. आकडे वाचताना मात्र एक खोच असते, ती म्हणजे आकडा कशामागे दिलाय. किलोमागे पाहिलं तर सिमेंट हे ॲल्युमिनियमच्या कैक पटींनी सोज्वळ आहे. पण जगात वर्षाला सुमारे चार अब्ज टन सिमेंट लागतं आणि माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के त्याच्याच नावावर जमा होतो.

पिशव्यांच्या बाबतीत डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये केलेला हिशेब पाहण्यासारखा आहे. साध्या प्लॅस्टिक पिशवीशी तुलना करता, सुती पिशवी हवामानबदलाच्या निकषावर किमान 52 वेळा वापरली तरच फिट्टंफाट होते. पाणी, ओझोन, जमीन असे सगळे निकष एकत्र धरले तर हा आकडा 7,100 वर जातो. सेंद्रिय कापसाची पिशवी तर 20,000 वेळा, कारण सेंद्रिय शेतीत तेवढ्याच जमिनीतून कापूस कमी निघतो असं त्यांनी गृहीत धरलं. हा अहवाल प्लॅस्टिकवाल्यांनी डोक्यावर घेतला. त्यांनी एक गोष्ट सांगायची टाळली: उघड्यावर पडलेल्या पिशवीचं गटारात आणि गाईच्या पोटात काय होतं, ते या हिशेबात धरलेलंच नव्हतं. डेन्मार्कमध्ये कचरा बहुतांशी भट्टीत जातो, त्यामुळे त्यांना ते फारसं खटकलं नसेल. मुंबईतल्या 26 जुलैच्या पुरानंतर आपल्याला खटकतं. म्हणजे एकाच पिशवीची चिठ्ठी कोपनहेगनला एक आणि कुर्ल्याला दुसरी लिहावी लागेल.

आता आकड्यांकडून पुन्हा हातांकडे, आणि त्यासाठी फिनलंडकडे. हेलसिंकीजवळच्या आल्टो विद्यापीठात ‘केमआर्ट्स’ नावाचा उपक्रम आहे. डिझाइनचे आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी एकाच टेबलाशी बसून लाकडातल्या सेल्युलोजपासून नवी मटेरियल्स घडवतात. तिथल्याच आयनसेल या प्रक्रियेत लाकडाच्या लगद्यापासून वस्त्राचा धागा काढतात, आणि व्हिस्कोससाठी लागणारा विषारी कार्बन डायसल्फाइड त्यात लागत नाही. 6 डिसेंबर 2018 ला, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी येन्नी हाउकियो बर्च झाडाच्या या धाग्याचा पोशाख घालून आल्या. एरवी अशा समारंभातल्या पोशाखाची चर्चा शिंप्याच्या नावावर संपते. या वेळी लोक झाडाबद्दल बोलले.

केमआर्ट्स मला आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी. जैविक मटेरियल्सचं दालन चालवणाऱ्याची एक पंचाईत असते, जी ग्रॅनाइटचे तुकडे सांभाळणाऱ्याला कधी नसते. समुद्री शेवाळापासून निघणाऱ्या अगारचा पारदर्शक पडदा दोनेक महिन्यांत आक्रसतो, कडा वळतात. जिलेटिनच्या तक्त्याला पावसाळ्यात बुरशी धरते. अळिंबीच्या तंतुजालापासून बनवलेली वीट भाजून नीट वाळवली नसेल तर ओल धरते. नाश पावणं हाच ज्याचा गुण, ते जपून कसं ठेवायचं? आल्टोच्या मंडळींनी 2020 मध्ये ‘केमआर्ट्स कुकबुक’ काढलं आणि इंटरनेटवर सर्वांना फुकट देऊन टाकलं. त्यात नमुने नाहीत, पाककृती आहेत: किती ग्रॅम, किती पाणी, किती वेळ ढवळायचं, कशावर पसरून वाळवायचं. नमुना कुजला तर कुजू दे, पुढच्या वर्षीची मुलं नवा करतील. हाताने शिकणं म्हणजे खरं तर हेच. तयार तुकडा चाचपून जेवढं कळतं, त्याच्या कितीतरी पट तो बिघडवून कळतं.

आणि तरीही काही नमुने जपावेच लागतात. त्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या वेरूळचं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतला जुना मातीचा गिलावा तपासला. त्यात वनस्पतीचे तंतू दिसत होते. मातीत काड्या, भुसा, शेण घालणं आपल्याला नवीन नाही, पण हे तंतू कशाचे होते? त्यांनी जालन्याच्या आसपासच्या भागातून आणि दिल्लीच्या वेशीवरून ताजी भांगेची झाडं आणली आणि त्यांचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली गिलाव्यातल्या तंतूंशी ताडून पाहिले. जुळले. गिलाव्यात सुमारे दहा टक्के भांगेच्या झाडाचा अंश होता. 2016 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

संशोधकांच्या मते भांगेचे तंतू मातीला धरून ठेवतात, ओलाव्याची चढउतार सोसतात आणि किडीला आवडत नाहीत. शेजारच्या अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथली किमान पाव हिस्सा चित्रं किड्यांनी खराब केली आहेत. ज्या कारागिराने हे मिश्रण ठरवलं त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पण त्याची पाककृती हजार-दीड हजार वर्षांनी उकलली गेली ती हाताशी ओळखीचा नमुना होता म्हणून. वरकरणी बिनकामाचे दिसणारे संदर्भ-संग्रह अशाच तुलनेसाठी उपयोगी पडतात. आज युरोपात भांगेच्या काडीचा भुसा आणि चुना मिसळून ‘हेम्पक्रीट’च्या भिंती उभारतात आणि शाश्वत मटेरियल्सच्या दालनांत तो मानाचा नमुना असतो. वेरूळचा गिलावा त्याच्या शेजारी ठेवायला हरकत नाही. आपल्याकडे मात्र नमुन्यापुरती भांग लावायची म्हटली तरी अमली पदार्थांचा 1985 चा कायदा आडवा येतो. तंतूंसाठी लागवडीला परवानगी देण्याची मुभा तो राज्यांना देतो. उत्तराखंडाने ती वापरली आहे.

आपल्या आर्किटेक्चर कॉलेजांत ‘मटेरियल म्युझियम’ नावाची खोली असते. तपासणी पथक येणार असलं की ती झाडली जाते. आत कंपन्यांनी फुकट दिलेल्या टाइल्स, प्लायवुडचे तुकडे, रंगांची शेडकार्डं, नळाच्या तोट्या. कंपनी नमुना देते ती जाहिरात म्हणून, तेव्हा त्याच्या पाठीवर किंमत आणि डीलरचा फोन असतो, खाणीचं गाव नसतं. हीच खोली वेगळी करता येईल. सिमेंटचंच घ्या. नेहमीचं सिमेंट करताना चुनखडी 1450 अंशांच्या आसपास तापवावी लागते, आणि त्यातला जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून नव्हे, खुद्द चुनखडीच्या दगडातून सुटतो. एलसी-थ्री नावाच्या नव्या मिश्रणात क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मुख्य घटक, निम्म्यावर आणून उरलेली जागा 800 अंशांच्या आसपास भाजलेली माती, कच्ची चुनखडी आणि जिप्सम भरून काढतात. कार्बन 30 ते 40 टक्के कमी. स्वित्झर्लंड आणि क्यूबातल्या संशोधकांबरोबर दिल्ली, मद्रास आणि मुंबईच्या आयआयटींनी यावर काम केलं आणि 2023 मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं. पण मातीत लोह असेल तर हे सिमेंट किंचित तांबूस दिसतं, आणि आपला गवंडी आणि घरमालक राखाडी नसलेल्या सिमेंटला भेसळीचं समजतात. अशा वेळी दोन ठोकळे शेजारी ठेवून दाबयंत्रात फोडून दाखवणं हे कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त पटणारं आहे.

कपाट, ठोकळे, बांबूचे प्रक्रिया केलेले आणि न केलेले, पीठ पडलेले तुकडे, पळसाची पत्रावळ आणि तिच्याशेजारी तिची प्लॅस्टिकचं अस्तर लावलेली नक्कल, यांतलं काहीच महाग नाही. महाग आहे तो माणूस. चिठ्ठी लिहिणारा, कंपनीला चार वेळा पत्र पाठवून ‘यात बंधक द्रव्य कोणतं?’ असं विचारणारा, बुरशी धरलेला नमुना फेकून नवा करून घेणारा, मुलांना करवत हातात देणारा आणि बोटं सांभाळणारा. लंडन आणि ऑस्टिनमध्ये हे पूर्ण वेळ पगारी काम आहे. आपल्याकडे ते सहसा एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या सुट्टीच्या दिवसांवर चालतं, आणि त्याची बदली झाली की खोलीची किल्ली कार्यालयात जमा होते.